हरलेल्याच्या बाजूने निकाल वाचा

एखाद्या देशात लोक रस्त्यावर उतरतात, वर्षानुवर्षं खुर्ची न सोडलेला माणूस रातोरात विमानाने निघून जातो, मग निवडणूक होते आणि निकालाच्या दिवशी दोन्ही बाजू गुलाल उधळतात. अशी बातमी आली की आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या कट्ट्यावर चहा यायच्या आत दोन तट पडलेले असतात. एकाच्या मते सगळं परकीय शक्तींचं कारस्थान, दुसऱ्याच्या मते जनतेचा दणदणीत विजय. तो देश नकाशावर नेमका कुठे आहे, हे मात्र दोघांनाही विचारायची सोय नाही.

मी महापालिकेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि नोकरीभर निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आधी मतदान अधिकारी म्हणून, मग केंद्राध्यक्ष म्हणून. (शिक्षक जरा रिकामा दिसला की त्याला ड्यूटी लावायची, हा सरकारचा आवडता खेळ.) त्यातून अशा बातम्या वाचायची माझी एक रीत बसली. कट्ट्यावरच्या मंडळींनी ती लिहून मागितली, म्हणून हा प्रपंच.

रीत एका वाक्यात सांगायची तर जिंकलेल्याचं भाषण बाजूला ठेवायचं आणि हरलेल्याकडे बघायचं. त्याच्या हातात कुठला कागद आहे, दाद मागायला तो कुठे जाऊ शकतो आणि पुढच्या खेपेला उभं राहायची त्याला काही आशा आहे का, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. साहित्य फार लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेली एक दोनशे पानी वही, पेन आणि गुणाकारापुरता मोबाइल. मोबाइलवरचं व्हॉट्सअॅप तेवढा वेळ बंद.

आधी तारखा, मत नंतर

वहीच्या डाव्या पानावर फक्त तारखा लिहायच्या. विशेषणं नाहीत, 'ऐतिहासिक' नाही, 'काळा दिवस' नाही. उदाहरणादाखल इजिप्तचं पान देते, कारण उठावानंतर जे जे होऊ शकतं ते बहुतेक सगळं या एका पानात सापडतं.

२५ जानेवारी २०११ ला कैरोतला तहरीर चौक भरला. ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले आणि सत्ता लष्करी मंडळाकडे गेली. १९ मार्चला घटनादुरुस्त्यांवर सार्वमत. नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत संसदेची निवडणूक. २३ आणि २४ मे २०१२ ला अध्यक्षपदाची पहिली फेरी. १४ जूनला सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने नुकतीच निवडलेली लोकसभा बरखास्त. १६ आणि १७ जूनला दुसरी फेरी. १७ जूनच्या रात्री मतदान संपता संपता लष्कराने घोषणापत्र काढून कायदे करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. २४ जूनला निकाल.

आता १४ ते २४ जून या ओळींवरून बोट फिरवा. लोक अध्यक्ष निवडत होते तेव्हा संसद नव्हती, नवी घटना नव्हती, आणि अध्यक्षाला अधिकार किती हे मतपेट्या बंद झाल्यावर ठरलं. मुलाखत होऊन गेल्यावर साहेबांनी पगार आणि काम ठरवावं, तसा हा प्रकार. अशा निवडणुकीत जिंकलेलासुद्धा अर्धा हरलेलाच असतो, आणि पुढचं भांडण तिथेच पेरलं जातं.

त्याच पानावर पहिल्या फेरीचे आकडे लिहा. मुस्लिम ब्रदरहुड या धार्मिक-राजकीय संघटनेचे मोहम्मद मोर्सी २४.८ टक्के, मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान अहमद शफीक २३.७, हमदीन सबाही २०.७, अब्देल मोनेम अबुल फुतूह १७.५, अम्र मुसा ११ च्या आसपास. सबाही आणि अबुल फुतूह दोघेही 'आम्ही उठावाचे' म्हणत होते. दोघांची बेरीज ३८ च्या वर जाते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यावर टिप्पणी लागत नाही. मतविभागणी आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. चौकात बसलेल्या पोरांपुढे शेवटी दोनच नावं उरली, ब्रदरहुड नाहीतर जुनी राजवट.

दुसऱ्या फेरीत मोर्सी ५१.७, शफीक ४८.३. फरक सुमारे ८ लाख ८३ हजार मतांचा. इथे घाईने पान उलटू नका, बाद मतांचा आकडा शोधा. तो होता ८ लाख ४३ हजार. जिंकण्याचा फरक जेवढा, जवळजवळ तेवढीच मतं बाद. त्यातली बरीचशी मुद्दाम बाद केलेली होती, दोघेही नकोत म्हणून मतपत्रिकेवर रेघोट्या ओढून पेटीत टाकलेली. बाद मतांचा रकाना वर्तमानपत्रं बहुधा छापत नाहीत. मी तो आधी शोधते.

टक्केवारीचा गुणाकार

सार्वमताची बातमी आली की दोन आकडे एकमेकांना गुणायचे, 'होय'ची टक्केवारी आणि मतदानाची टक्केवारी. मार्च २०११ च्या सार्वमतात ७७ टक्के होय, मतदान ४१ टक्के. गुणाकार केला की शंभर मतदारांतले ३१-३२ जण होय म्हणाले. डिसेंबर २०१२ मध्ये मोर्सींच्या काळात नव्या घटनेवर सार्वमत झालं. ६४ टक्के होय, मतदान ३३ टक्के. म्हणजे शंभरातले २१. देशाची घटना शंभरातल्या २१ जणांच्या होकारावर उभी राहिली. त्याआधी २२ नोव्हेंबरला मोर्सींनी आपले निर्णय कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारं फर्मान काढलं होतं, त्यामुळे हरलेल्यांना दाद मागायला उरला फक्त रस्ता. ३० जून २०१३ ला ते रस्त्यावर आले आणि ३ जुलैला लष्कराने मोर्सींना हटवलं. मतपेटीतून आलेला माणूस गेला आणि उठावातल्या पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. १४ ऑगस्टला कैरोतल्या रबा चौकात मोर्सी समर्थकांवर गोळीबार झाला, शेकडो माणसं मेली. टाळ्या वाजवणाऱ्यांतले कितीतरी जण पुढच्या वर्षभरात स्वतःच तुरुंगात गेले.

कट्ट्यावर यावर 'मग लोकशाही त्यांना झेपतच नाही' असं कुणीतरी म्हणतंच. त्याला येरवड्याची आठवण करून द्यावी. त्यावर पुढे येते.

कागद कुणाकडे आहे

आता माझ्या माहितीचा भाग, त्यामुळे जरा रेंगाळते.

आपल्याकडे संध्याकाळी सहाला मतदान संपतं तेव्हा रांगेत माणसं असतात. केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटतो, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. रांग संपली की मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचं 'क्लोज' बटण. एकूण मतं दिसतात. ती मतदार नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी जुळवायची आणि नमुना १७ सी भरायचा. केंद्रावर किती मतं नोंदली गेली त्याचा हा हिशेब. खाली उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या, आणि प्रत्येक प्रतिनिधीला एक प्रत. दिवसभर उकाड्यात बसलेला, घामाने डबडबलेला तो पोरगा लाखेचा वास, मेणबत्ती, पिशव्यांवर पिशव्या या सगळ्यात कंटाळून 'मॅडम, मी निघतो, तुम्ही पाठवून द्या' म्हणतो. मी त्याला थांबवायची. पाठवायची सोय नसते, आणि तो कागद घेतल्याशिवाय जो जातो त्याच्या पक्षाने नंतर गळा काढू नये. मोजणीच्या दिवशी कोरेगाव पार्कातल्या गोदामात जाळीपलीकडे बसलेला त्याचा मोजणी प्रतिनिधी हाच १७ सी समोर धरून यंत्रावरचा आकडा जुळवतो. दोन्ही आकडे जुळले तर आरडाओरडा करायला जागा राहत नाही. नाही जुळले तर हातात पुरावा असतो.

परक्या देशाची बातमी वाचताना मी हेच शोधते. तिथला १७ सी कुठे आहे? केंद्रावरच मोजणी होते की पेट्या दुसरीकडे नेतात? हरणाऱ्याच्या माणसाला सही केलेली प्रत मिळते का?

इजिप्तमध्ये २०१२ ला मोजणी केंद्रावरच झाली, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. ब्रदरहुडची माणसं जवळपास १३ हजार केंद्रांवरून आकडे गोळा करत होती, आणि पहाट उजाडायच्या आत त्यांनी ५२ टक्क्यांच्या आसपास बेरीज जाहीर केली. शफीक यांची बाजूही 'आम्हीच' म्हणत होती. आयोगाने आठवड्याने निकाल दिला तेव्हा तो त्या पहाटेच्या बेरजेला चिकटूनच निघाला. कागद गोळा झाले होते म्हणून निकाल फिरवणं अवघड होतं.

फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी १९८६ ला दोन मोजण्या समांतर चालल्या. एक सरकारी आयोगाची, एक नामफ्रेल नावाच्या नागरिक संघटनेची. सरकारी फलकावर अध्यक्ष मार्कोस पुढे, नागरिकांच्या फलकावर कोराझोन अक्विनो पुढे. ९ फेब्रुवारीच्या रात्री आयोगाच्या संगणकावर आकडे भरणारी तीस-पस्तीस माणसं उठून बाहेर पडली. आपण भरतोय ते आणि फलकावर दिसतंय ते जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सरकारी नोकरी, समोर हुकूमशहा, आणि हातात फक्त एक तक्ता. दोन आठवड्यांनी मनिलाच्या एडसा रस्त्यावर लाखो लोक उतरले.

सगळ्यात चोख उदाहरण केनियाचं. २००७ च्या निकालावरून तिथे हजारावर माणसं मेली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाची निवडणूकच रद्द केली. मग २०२२ ला आयोगाने ४६ हजारांहून जास्त केंद्रांचे '३४ ए' नमुने, म्हणजे केंद्रावरच्या मोजणीचे कागद, थेट संकेतस्थळावर टाकले. कुणीही उघडावेत आणि बेरीज करावी. वाद तरीही कोर्टात गेला, पण तो आकड्यांनिशी गेला.

गडबडीचा आरोप आला की विचारायचं, कुठे? यादीत, केंद्रावर, मोजणीत की निकाल जाहीर करताना? 'सगळीकडेच' हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. बांगलादेशात २००६ च्या सुमाराला भांडण यादीचं होतं. एक कोटीहून जास्त नावं फाजील असल्याचं निघालं, निवडणूक लांबली, आणि सैन्याच्या मदतीने आठ कोटींवर मतदारांची छायाचित्रांसह नवी यादी झाली, तेव्हा कुठे २००८ ला मतदान झालं. युक्रेनमध्ये २००४ ला भांडण केंद्रावरचं आणि मोजणीतलं होतं. दोनेत्स्क भागात मतदान ९६ टक्क्यांवर गेल्याचं दाखवलं होतं. मरणारे, आजारी, बाहेरगावी गेलेले, कंटाळलेले धरले तर कुठल्याही जिल्ह्यात एवढं मतदान होत नाही, हे ड्यूटी केलेला कुठलाही मास्तर सांगेल. ३ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरी फेरी रद्द केली आणि २६ डिसेंबरला ती पुन्हा झाली. विरोधी बाजूचे युश्चेन्को ५२ टक्के, सरकारी बाजूचे यानुकोविच ४४.

परदेशी निरीक्षकांचं पत्रक वाचताना एक पथ्य पाळा. मतदानानंतर दोन-तीन दिवसांत येतं ते प्राथमिक निवेदन. 'शांततेत पार पडली' याचा अर्थ मारामाऱ्या झाल्या नाहीत एवढाच, मोजणी बरोबर झाली असा नाही. केनियात २०१७ ला निरीक्षकांनी पाठ थोपटली होती आणि कोर्टाने निवडणूक रद्द केली.

मतपत्रिकेवर कोण नाही

हा रकाना छोटा, पण सोडू नका. बांगलादेशात २०१४ ला ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे मतदानाचा दिवस उजाडायच्या आधीच बहुमत झालेलं. मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार होता, कारण निवडणुकीपुरतं तटस्थ काळजीवाहू सरकार नेमायची तरतूद २०११ मध्ये काढून टाकली होती. मग २०२४ च्या जुलैत विद्यार्थी उठले, ५ ऑगस्टला शेख हसीना भारतात आल्या, ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांचं हंगामी सरकार बसलं. मे २०२५ मध्ये त्या सरकारने हसीनांच्या अवामी लीगच्या कारवायांवर बंदी घातली आणि आयोगाने पक्षाची नोंदणी स्थगित केली. म्हणजे नौका हे त्या पक्षाचं चिन्हच मतपत्रिकेवरून गेलं. ज्यांची पोरं गोळीला बळी पडली त्यांचा राग मी समजू शकते, खटले चालायलाच हवेत. पण माझ्या वहीत 'हरलेला' या रकान्यात तिथे रिकामी जागा राहते, आणि ती जागा मला २०१४ च्या पानावरही दिसते. तेव्हा बाहेर राहिलेला दुसरा होता, एवढाच फरक.

याच रकान्याला जोडून एक ठोकताळा. उठावानंतरच्या निवडणुकीत विजेत्याला ८५-९० टक्क्यांच्या वर मतं मिळाली तर लाल शाईने गोल करा. जॉर्जियात जानेवारी २००४ ला साकाश्विलींना ९६. किर्गिझस्तानात जुलै २००५ ला बाकियेव यांना ८९ च्या आसपास. पाच वर्षांत दुसरा उठाव झाला आणि तेही पळाले. इजिप्तमध्ये २०१४ ला, मोर्सींना हटवणाऱ्या लष्कराचे प्रमुख राहिलेल्या सिसींना ९७ च्या जवळ. आकडे खोटेच असतात असं मी म्हणत नाही, उठावाच्या भरात लोक खरंच असं मतदान करतात. पण समोर कुणी उरलं नाही, हे तो आकडा सांगतो.

जागांचं गणित

आपल्याला 'ज्याला जास्त मतं तो निवडून आला' एवढंच माहीत असल्याने इथे फसगत होते. नेपाळचं उदाहरण घ्या. २००६ च्या जनआंदोलनानंतर २००८ ला ६०१ जणांची संविधान सभा झाली. २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षाच्या मतांच्या प्रमाणात, २६ नेमलेले. माओवाद्यांना थेट २४० पैकी १२० मिळाल्या आणि प्रमाणातल्या ३३५ पैकी १००. मतं तीस टक्क्यांच्या आसपासच. तोच दिवस, तेच मतदार, दोन मतपत्रिका. एकीकडे निम्म्या जागा, दुसरीकडे तीस टक्के. सगळ्या जागा थेट असत्या तर काय झालं असतं, हे कट्ट्यावर कागदावर मांडून दाखवा. पाच मिनिटं शांतता मिळते.

ट्युनिशियाने ऑक्टोबर २०११ ला प्रमाणाचीच पद्धत घेतली. एन्नाहदा या इस्लामी पक्षाला ३७ टक्के मतं आणि २१७ पैकी ८९ जागा. सगळ्यात मोठा पक्ष, पण एकट्याने घटना लिहिता येणार नाही इतका लहान. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले आणि देश इजिप्तच्या वाटेवर होता. कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना या चौघांनी मिळून पक्षांना टेबलाशी बसवलं. जानेवारी २०१४ ला घटना झाली, त्याच वर्षी निवडणुकीत एन्नाहदा दुसऱ्या क्रमांकावर गेली आणि तिने ते मान्य केलं. २०१५ चं शांततेचं नोबेल त्या चौघांना मिळालं. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसदच थांबवली, तेव्हा त्या पानावर आता पुन्हा लाल गोल आहे.

'यांच्यात फूट का पडते?'

हा प्रश्न आला की मी परदेश सोडून पुण्यात येते. ६ फेब्रुवारी १९५६ ला केशवराव जेध्यांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र समिती इथेच, पुण्यात स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एका मांडवात. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला पाणी पाजलं, पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेवर गेले. १ मे १९६० ला राज्य मिळालं. आणि १९६२ ला त्याच महाराष्ट्रात काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा! मागणी पुरी झाली, मांडव उतरला.

दुसरं उदाहरण १९७७ चं. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांचे वडील आणीबाणीत येरवड्याला होते. तिथे संघवाले आणि समाजवादी एकाच बराकीत राहिले, एकत्र जेवले. बाहेर आल्यावर जनता पक्ष झाला, २९५ जागा आल्या, पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. १९७९ ला सरकार पडलं, १९८० ला इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आणि पुण्यात विठ्ठलराव गाडगीळ. तुरुंगात एका ताटात जेवलेल्यांना तीन वर्षं एकत्र राज्य करता आलं नाही. तेव्हा कैरोतल्या पोरांना नावं ठेवताना जरा दमानं.

पण याच गोष्टीत माझ्या रीतीचा सगळ्यात भक्कम दाखला आहे. १९७१ ला रायबरेलीत राजनारायण हरले. ते निवडणूक याचिका घेऊन हायकोर्टात गेले. मुद्दे साधे होते. सरकारी अधिकारी प्रचाराला वापरला, सभेचं व्यासपीठ आणि वीज सरकारी यंत्रणेने पुरवली. चार वर्षं लागली. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने पंतप्रधानांची निवड रद्द केली. पंधरवड्यात आणीबाणी आली. आणि १९७७ ला त्याच रायबरेलीत त्याच राजनारायणांनी इंदिराबाईंना हरवलं. आपल्याकडे निकालानंतर ४५ दिवसांत याचिका दाखल करावी लागते, ती मुदत तेव्हाही होती. दुसऱ्या देशाची बातमी वाचताना अशी मुदत आणि असं कोर्ट शोधा. नसेल तर पुढची बातमी रस्त्यावरून येणार असं समजा.

त्या देशाच्या माणसाशी बोलताना

पुण्यात हे फार सोपं आहे आणि आपण फार क्वचित करतो. कॅम्पात, कोंढव्यात सुदानी, येमेनी मुलं शिकायला असतात. नेपाळी माणूस तर प्रत्येक सोसायटीच्या गेटवर आहे. त्याला 'बहादूर' म्हणायचं नाही, नाव विचारायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण पोरं उठली, पंतप्रधान ओली गेले, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, तेव्हा आमच्या कट्ट्याने गेटवरच्या दादाला घेरून विचारलं, 'कोण बरोबर? भारत की चीन?' तो बिचारा हसला आणि गेट उघडायला गेला. दुपारी मी एकटी गेले आणि फक्त विचारलं, 'तुमचं नाव यादीत कुठे आहे?' मग तो अर्धा तास बोलला. नाव गावच्या यादीत, इथून मत देता येत नाही, गावी जायचं तर पगार बुडतो. घरातली म्हातारी माणसं तेवढी मत देतात. त्याच्या गावातली तरुण पोरं भारतात नाहीतर आखातात. उठाव तरुणांचा आणि मतपेटीपाशी म्हातारे, ही गोष्ट मला कुठल्याच वाहिनीने सांगितली नव्हती.

प्रश्न असेच छोटे विचारा. मतदानाचं केंद्र किती लांब आहे? घरची बाई मत द्यायला जाते का? उमेदवाराचा माणूस घरी येतो का? 'तुमचा पक्ष कोणता' हे मात्र विचारू नका. घरी भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले असतात, आणि परदेशी मुलाला इथे व्हिसा सांभाळायचा असतो.

पान बंद करायची वेळ

निकालानंतर दोन-चार महिन्यांत मत बनवायची घाई नको. उजव्या पानावर तळाशी दुसऱ्या निवडणुकीची तारीख लिहून ठेवायची, कारण पहिलीत जिंकलेला दुसरीत हरल्यावर काय करतो ते बघायचंय. साकाश्विलींचा पक्ष २०१२ ला हरला तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन हार मान्य केली. ९६ टक्क्यांभोवतीचा लाल गोल मी तेव्हा थोडा खोडला. युक्रेनमध्ये २०१० ला तेच यानुकोविच मतपेटीतून जिंकून आले, हरलेल्या तिमोशेन्को कोर्टात गेल्या आणि मग अर्ज मागे घेतला. २००४ ला हरलेल्याला थांबून राहण्यात अर्थ वाटला होता, हे त्यातून दिसतं. पुढे २०१४ ला उठाव होऊन यानुकोविचच पळाले, त्याचं पान वेगळं करावं लागलं. श्रीलंकेत जुलै २०२२ ला अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे पळाले, तेव्हा संसदेने घटनेप्रमाणे उरलेल्या मुदतीसाठी अध्यक्ष निवडला, आणि सप्टेंबर २०२४ ला वेळेवर मतदान झालं. २०१९ ला ३ टक्के मतं मिळालेले अनुरा कुमारा दिसानायके ४२ टक्क्यांवर गेले. कुणालाच निम्मी मतं नसल्याने पसंतीक्रमाची दुसरी मोजणी तिथे पहिल्यांदाच करावी लागली.

मधेच कुणीतरी आपल्याकडच्या यंत्रांचा विषय काढेल. त्याला वेगळं पान द्या आणि वेगळा दिवस द्या, नाहीतर चहा गार होतो आणि केनिया राहूनच जातो.

पैज लावायचीच असेल तर 'कोण जिंकणार' यावर लावू नका, त्यात नुसती आवड-नावड बाहेर येते. हरलेला मान्य कधी करणार यावर लावा, त्याच रात्री, कोर्टानंतर की कधीच नाही. किंवा बाद मतं फरकापेक्षा जास्त निघतील का, यावर. आमच्याकडे दर मिसळीचा आहे. श्रीलंकेत दुसरी मोजणी लागेल असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, ती मिसळ मला अजून येणं आहे.